उन्हाच्या खोलीतली निळी बाग

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हा आई सगळ्या खोल्यांतून एकदा फिरली आणि शेवटी गॅलरीत जाऊन बसली ती उठेचना. गॅलरी म्हणायची एवढंच. बिल्डरने पूर्वेला आणि दक्षिणेला सरकत्या काचा लावून ती बंदच करून दिली आहे. दहा बाय सात फूट, चौथा मजला, समोर अजून तरी मोकळं आकाश. सूर्य वर आला की ऊन सरळ आत येतं आणि आईच्या गुडघ्यांवर पसरतं. दोन दिवसांत त्या जागेचं नाव घरात ‘उन्हाची खोली’ पडलं.

या खोलीच्या दोन भिंतींवर काय लावायचं, हे ठरवायला मला दोन वर्षं लागली. त्यातलं एक चुकण्यात गेलं आणि दुसरं नुसतं ऊन बघण्यात.

चूक आधी सांगते. घराची सजावट करणाऱ्या मुलाने कॅटलॉग दाखवला. व्हिनाइलचा वॉलपेपर, त्यावर मोठमोठी हिरवी पानं, मधूनमधून गुलाबी फुलं. खोलीत बाग आल्यासारखं वाटेल, तो म्हणाला. मलाही तसंच वाटलं. आमची खरी बाग जाऊन तेव्हा चार वर्षं होत आली होती आणि आईला काहीतरी हिरवं दिसावं एवढीच माझी इच्छा होती. दोन दिवसांत कागद लागला. आई संध्याकाळी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसली, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “हे कुठलं झाड गं?”

मी जवळ जाऊन पाहिलं. पानं केळीसारखी होती, पण केळीची नव्हती. फुलं तर कशाचीच नव्हती. आई ब्याऐंशी वर्षांची आहे. आयुष्यभर तिने ज्या ज्या रोपाला पाणी घातलं त्याचं नाव, ते कुणाकडून आणलं, कुठल्या साली लावलं, हे सगळं तिला पाठ आहे. तिच्यासमोर मी नाव नसलेलं झाड आणून लावलं होतं. ती पुन्हा काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी खुर्ची परत काचेकडे फिरली होती.

वॉलपेपर तसाही टिकला नाही. एप्रिलमध्ये लावलेला, दिवाळीपर्यंत हिरव्यातला पिवळा रंग उडाला आणि पानं निळसर दिसायला लागली. सकाळचं ऊन जिथे थेट पडे तिथे जास्त, दाराच्या आडोशाला कमी. म्हणजे भिंतीवर उन्हाचाच नकाशा उमटला होता. पावसाळ्यात सांधेही सुटले. मी ज्युनिअर कॉलेजात एकोणतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे हे असं का झालं हे मला समजत होतं. खिडकीची साधी काच अतिनील किरणांतले सगळ्यात तीव्र किरण अडवते, पण उरलेले बरेचसे आत सोडते, आणि रंग उडवायला तेवढे पुरतात. काचेवर फिल्म लावली तर नाश मंदावतो, थांबत नाही, कारण डोळ्यांना दिसणारा प्रकाशसुद्धा रंग उडवतोच. पडदे ओढून ठेवायचे म्हटलं तर मग उन्हाची खोली कशाला? आईला ऊन हवं होतं. भिंतीवर जे लावायचं त्याला उन्हाशी जमवून घेणं भाग होतं.

वॉलपेपर खरवडून काढला आणि माळ्यावरची ट्रंक खाली घेतली. खरं तर ती आधीच घ्यायला हवी होती.

आमचा बंगला आजोबांनी १९५६ साली बांधला. पुढे तुळस आणि प्राजक्त, उजवीकडे सोनचाफा, मागे न्हाणीचं पाणी जाई त्या पन्हळीवर अळू, केळ, कर्दळ. कुंपणाला गोकर्ण आणि कृष्णकमळ. विहिरीच्या कठड्याला आपोआप उगवलेले नेचे. पुण्यात अशा बंगल्यांचं पुढे काय होतं हे वेगळं सांगायला नको. आमच्या ओळीतले एकामागोमाग एक पुनर्विकासाला गेले आणि २०१८च्या पावसाळ्यात आम्हीही होकार दिला. वकिलांनी जुनी कागदपत्रं मागितली. ट्रंकेच्या तळाशी, मेणकापडाच्या गुंडाळीत, आजोबांनी ठेवलेला घराचा नकाशा निघाला. गडद निळा कागद, त्यावर पांढऱ्या रेघा. इतक्या वर्षांनंतर त्याचा निळा रंग इतका ताजा होता की मी तो हातात घेऊन तिथेच जमिनीवर बसले.

‘ब्लू प्रिंट’ हा शब्द आपण रोज वापरतो. ती कशी तयार होते हे मी अनेक वर्षं तोंडी शिकवलं होतं, स्वतः करून कधी पाहिलं नव्हतं. लोहाचा एक क्षार आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचं द्रावण कागदाला लावून अंधारात वाळवायचं. त्यावर नकाशाचा ट्रेसिंग पेपर ठेवून कागद उन्हात धरायचा. जिथे ऊन लागतं तिथे प्रशियन ब्लू हा गडद निळा रंग तयार होतो, जिथे रेघेची सावली असते तिथला थर पाण्याने धुऊन जातो. १८४२ साली जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने ही रीत शोधली. पुढच्याच वर्षापासून ॲना ॲटकिन्स नावाच्या इंग्रज बाईंनी रेघांऐवजी समुद्रातली शेवाळं कागदावर ठेवून त्यांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. वनस्पतीची नक्कल वनस्पतीकडूनच करून घेतली त्यांनी. सायनोटाइप म्हणतात त्याला.

नकाशा हातात, समोर पाऊस, आणि बाहेर अजून उभी असलेली बाग. मला त्याच क्षणी कळलं की घर पडायच्या आत काय करायचं. आईला सांगितलं. तिने काहीही न विचारता जुन्या डायरीत यादी लिहायला घेतली. एकतीस नावं झाली.

पहिले प्रयत्न वाया गेले. पंचवीस ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट शंभर मिलिलिटर पाण्यात, दहा ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड दुसऱ्या शंभर मिलिलिटरमध्ये, दोन्ही वेगवेगळ्या गडद बाटल्यांत, आणि लागेल तेवढंच सारख्या मापाने एकत्र करायचं. इथवर सगळं बरोबर होतं. नावात सायनाइड असलं तरी हे संयुग साध्या वापरात घातक नाही. मात्र ते तापवायचं नाही आणि तीव्र आम्लाजवळ न्यायचं नाही, कारण तेव्हा त्यातून विषारी वायू सुटतो. स्वयंपाकघराची भांडी या कामाला घेऊ नयेत, हातमोजे घालावेत. ब्रशला पत्र्याची पट्टी असेल तर तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळावी, नाहीतर लोखंड द्रावणात उतरून निळे ठिपके पडतात. हे मला माहीत होतं. चूक धुण्यात झाली.

उन्हातून आणलेला कागद मी बोअरच्या पाण्याने धुतला. पांढरे भाग पिवळट राहिले आणि निळा डोळ्यांदेखत फिका पडत गेला. नऊ ठसे गेले. अल्कली लागला की प्रशियन ब्लू विघटित होतो आणि मागे तपकिरी आयर्न हायड्रॉक्साइड उरतं, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! आमचं बोअरचं पाणी जड, अल्कधर्मी. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानातून लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, आणलं, बादलीभर पाण्यात चिमूटभर विरघळवलं आणि पहिलं धुणं त्या पाण्यात केलं. पांढरा पांढरा राहिला, निळा निळा.

कागदाचंही तसंच. बाजारातल्या बऱ्याच जाड कागदांत तो पिवळा पडू नये म्हणून खडूची भुकटी घातलेली असते. चित्रांसाठी ते चांगलं, सायनोटाइपला मारक. शेवटी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत गेले, सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद निवडून घेतला आणि आधी एका तुकड्यावर करून पाहिलं. त्या कागदाला सरळ कापलेल्या कडा नसतात, काठ आपोआप विरत जातो. पानाखाली तो फार शोभतो.

मग नवरात्रापासून कामाला खरी गती आली. ऑक्टोबरचं ऊन या कामासाठी जणू मुद्दाम पाठवलेलं असतं. पाऊस धुऊन गेलेली हवा आणि कडक, सरळ ऊन. रात्री जेवणं झाल्यावर मी आणि माझी भाची जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत एक मंद पिवळा बल्ब लावून कागदांना थर द्यायचो. तो थर ओला असताना पिवळट हिरवा दिसतो. कागद दोरीवर वाळत घालायचे आणि सकाळपर्यंत दार उघडायचं नाही. पानं आदल्या आठवड्यात तोडून जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत पाट्याखाली दाबून ठेवलेली असायची. ताजं पान थेट ठेवलं तर उन्हाने त्याला पाणी सुटतं आणि डाग पडतो. शिवाय ते काचेला नीट भिडत नाही, कडा धूसर येतात.

सकाळी नऊला गच्चीवर. खाली पाट, त्यावर कागद, कागदावर पान, वर काच, कडेला चिमटे. आई खुर्चीत बसून घड्याळ लावायची. पण घड्याळापेक्षा डोळ्यावर भिस्त ठेवावी हे आम्ही लवकरच शिकलो. थराचा रंग हिरव्याचा निळा होतो, निळ्याचा गडद, आणि मग त्यावर एक करडी, काशाच्या भांड्यासारखी झाक येते. ती आली की उचलायचं. ऑक्टोबरात सकाळी दहा-बारा मिनिटं लागत. ढग आला की पाऊण तासही. पाण्यात टाकल्यावर तो करडेपणा निघून जातो, पांढरं पान वर येतं. पहिला नीट जमलेला ठसा शेवग्याचा होता. एकेक पर्णिका मोजता येत होती. आई म्हणाली, “अगं, हे तर मागच्या दारचंच. त्याची पानं अशीच एका बाजूला झुकलेली असतात, भिंतीच्या सावलीमुळे.”

कुठलं झाड निळ्यात चांगलं उतरतं याचा अंदाज करून करूनच येतो. जाड पानं निराशा करतात. सोनचाफ्याचं पान म्हणजे नुसता पांढरा लंबगोल. अळूचं तर काही विचारूच नका. एवढं देखणं पान, पण शिरा दिसत नाहीत, फक्त बाणाच्या टोकासारखा आकार. ज्यातून थोडा उजेड आरपार जातो ते सगळ्यात सुंदर येतं. गोकर्णाची पाकळी, शतावरीचे तुरे, तुळशीच्या मंजिऱ्या, लाजाळू. विहिरीवरचे नेचे तर असे आले की पानाखालचे बीजाणूंचे ठिपकेही ओळखू यावेत. पिंपळाचं एक जाळी पडलेलं पान वहीत होतं, माझ्या शाळेच्या दिवसांतलं. तेही ठेवलं. कृष्णकमळाचं फूल दाबलं की चुरगळतं, म्हणून त्याचे तंतू वेगळे करून आईने चिमट्याने पुन्हा गोल मांडले. त्याला दोन तास लागले, आणि त्या दोन तासांत ती फुलाखेरीज दुसऱ्या कशाबद्दलही बोलली नाही.

प्राजक्ताचं काय करायचं, हा प्रश्न मात्र राहिला होता. ते झाड आजीने लावलेलं. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर त्याचं एक पान उतरवून भागणार नव्हतं. कपाटात बाबांची तीन धोतरं होती, ते गेल्यापासून कुणी हात न लावलेली. मी विचारायला कचरत होते. आईनेच एक काढून दिलं. वापरून मऊ झालेलं, पांढरंशुभ्र सुती. साबणाचा अंश राहू नये म्हणून ते चार वेळा नुसत्या पाण्यात खळबळलं. चार फूट रुंद, सहा फूट लांब तुकडा कापला आणि रंगाऱ्याच्या रुंद ब्रशने जमिनीवर पसरून थर दिला.

प्राजक्त रात्री उमलतो आणि उजाडायच्या आत गळतो, म्हणून पहाटे साडेचारला टॉर्च घेऊन मी एक अख्खी फांदी कापली आणि बादलीत उभी केली. झाडाखाली आदल्या दिवशीच चादर अंथरली होती. नऊ वाजता गच्चीवर धोतर पसरलं, त्यावर फांदी आडवी टाकली, वर दोन जुन्या खिडक्यांच्या काचा. फांदीच्या खाली कापड मोकळंच होतं. आई सावकाश वाकली आणि चादरीतली फुलं मुठीमुठीने त्या मोकळ्या जागेवर सोडत गेली. सडा पडतो तसा. तिथे काच ठेवायची नाही, असं तिने सांगितलं, फुलं दाबायची नाहीत. सुदैवाने वारा नव्हता. वीस मिनिटं आम्ही तिघी कडेला उभ्या होतो.

ते कापड धुताना जे दिसलं ते मी विसरणार नाही. पाकळ्या फिक्या निळ्या आल्या, कारण त्या पातळ, त्यांच्यातून थोडं ऊन खाली गेलं होतं. आणि प्रत्येक फुलात देठाच्या जागी एक ठळक पांढरी रेघ. केशरी रंगाने ऊन पुरतं अडवलं होतं. प्राजक्ताचा केशरी देठ निळ्या कापडावर पांढरा होऊन उमटला होता.

एप्रिल अखेरपर्यंत एकतीसपैकी सव्वीस झाडं झाली. अक्षय्य तृतीयेनंतर आम्ही भाड्याच्या घरात गेलो आणि ठसे ट्रंकेत, नकाशाशेजारी. ते चार वर्षं तिथेच राहिले. मी मुद्दाम काढत नव्हते. खाली यंत्रं चालू आहेत हे ठाऊक असताना ते बघायचा धीर होत नव्हता.

वॉलपेपर निघाल्यावर ट्रंक उघडली ती या सगळ्यासाठी. आता प्रश्न उलटा होता. सायनोटाइप उन्हाने घडतो आणि उन्हानेच फिका पडतो. पण त्याचा एक गुण दुसऱ्या कुठल्याही छापील चित्रात नाही. फिका पडलेला सायनोटाइप अंधारात ठेवला, हवा मिळाली, तर त्याचा निळा बराचसा परत येतो. प्रकाशाने प्रशियन ब्लूचं एक बिनरंगी रूप होतं, हवेतला ऑक्सिजन त्याला पुन्हा निळं करतो. मेणकापडात असूनही आजोबांचा नकाशा का टिकला, याचं उत्तर ट्रंकेतल्या अंधारात होतं. म्हणजे या चित्रांना विश्रांती देता आली तर ती उन्हाच्या खोलीतही राहू शकतात. फक्त ती कधी, कुठे आणि किती द्यायची हे ठरवायला ऊन समजून घ्यायला हवं.

म्हणून मी एक वर्ष काहीच लावलं नाही. २०२४च्या संक्रांतीला पेन्सिल घेतली आणि सकाळी आठ, दहा, दुपारी बारा, चार अशा वेळी भिंतींवर जिथवर ऊन येतं तिथे बारीक खूण केली, बाजूला तारीख. मग होळीला, गुढीपाडव्याला, मेच्या मध्यावर, श्रावणात, दसऱ्याला. ज्यांच्याकडे अशी काचेची खोली आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, खिळा ठोकायच्या आधी हे एवढं करा. पाच मिनिटांचं काम असतं, आणि त्यानंतर खोली तुमच्याशी बोलायला लागते.

पश्चिमेची भिंत, ज्यात हॉलचं दार आहे, तिच्यावर वर्षातला एकही महिना असा नाही की सकाळी ऊन पडत नाही. सूर्य खाली असताना ते भिंतीच्या वरच्या भागात असतं आणि मग पायरी पायरीने उतरतं. उत्तरेची भिंत अगदी वेगळी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो, तेव्हा सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तिथे साधारण चार-साडेचार फुटांपर्यंत चढतं. होळीनंतर ते उतरत जातं आणि उन्हाळ्यात थेट ऊन तिथे येतच नाही. मेच्या मध्यावर पुण्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्यानंतर जुलै अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेलाच असतो. सगळं जग तापलेलं असताना आमची दक्षिणेची काच सावलीत असते, हे मला साठीला आल्यावर एका भिंतीने शिकवलं.

तिथून पुढचं सोपं झालं. पश्चिमेच्या भिंतीवर कागदही नको आणि रंगही नको, ऊन ज्याचं काही बिघडवू शकत नाही असं काहीतरी हवं. भाजलेली माती. मंडईतून अळू, कर्दळीची पानं, केळीच्या पानाचे तुकडे घेऊन मी कुंभारवेशीतल्या एका काकांकडे गेले. त्यांनी अर्धा इंच जाडीची मातीची वडी लाटली, पान पालथं ठेवलं, शिरा मातीकडे, आणि हलकं लाटणं फिरवलं. पान सोलून काढलं तर अळूची एकूण एक शीर खोल उमटली होती. निळ्यात जे मला मिळालं नव्हतं ते इथे मिळालं. काका म्हणाले, “ताई, घाई करू नका. सावलीत आठ दिवस वाळू दे, नाहीतर कडा उचलतील.” मी आठ नव्हे, बारा दिवस थांबले. अकरा फरशा भाजून आल्या, दोन तडकल्या. नऊ लावल्या. सकाळचं ऊन तिरपं पडलं की शिरांमध्ये सावल्या भरतात आणि दहा वाजेपर्यंत त्या हळूहळू पुसल्या जातात. न्हाणीच्या पाण्यावरची झाडं सगळी या भिंतीवर आली, आणि खऱ्या बागेतही ती पश्चिमेलाच होती.

हे आईने दाखवून दिलं, आणि त्यावरूनच उत्तरेच्या भिंतीची मांडणी सुचली. चित्रं आकाराप्रमाणे ओळीत लावण्याचा माझा बेत मी सोडून दिला. आजोबांचा नकाशा मूळचा आहे, तो उन्हाच्या खोलीत लावणं शक्य नव्हतं. मी त्याच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून काळ्या शाईने रेघा गिरवल्या आणि त्याच रीतीने, गच्चीवर, उन्हात, नवा निळा नकाशा काढला. तो भिंतीच्या मधोमध. भोवती झाडं, जिथली तिथे. पुढच्या दारी तुळस, उजवीकडे सोनचाफ्याचा तो पांढरा लंबगोल, कुंपणाच्या रेषेत गोकर्ण आणि कृष्णकमळ, विहिरीच्या गोलाजवळ नेचे. डावीकडे चार फूट रुंदीत बाबांचं धोतर, वरून सागवानी पट्टीला लटकवलेलं.

फ्रेमवाल्या काकांशी मात्र वाद झाला. त्यांना नेहमीच्या माऊंटबोर्डवर काच घट्ट बसवायची होती. मी हट्टाने चुना-खडू नसलेला बोर्ड शोधला आणि काच कागदाला टेकणार नाही अशी मधे पट्टी घालायला लावली. पावसाळ्यात काचेला चिकटलेला कागद पुन्हा सुटत नाही. प्रत्येक फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे आहेत, म्हणजे फ्रेम आणि भिंत यांमधून हवा खेळते. नव्या प्लॅस्टरची अल्कली कागदाला लागत नाही, दमट जागा आवडणारी कसरही लांब राहते.

नावं लिहायची की नाही, यावर मी बराच विचार केला. हे करत असताना पुण्याजवळच्या दापोडीच्या बागेबद्दल वाचत होते. इंग्रजांच्या काळात तिला दापुरी म्हणत. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने १८२८ साली सुरू केलेली ती सरकारी वनस्पतिबाग, पुढे अलेक्झांडर गिब्सन तिचा प्रमुख होता. त्याच्यासाठी १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराने तिथल्या झाडांची दीडशेहून अधिक चित्रं काढली. ती आज एडिंबरोच्या वनस्पतिबागेच्या संग्रहात आहेत. चित्रकार पोर्तुगीज वळणाची नावं असलेल्या समाजातला, बहुधा गोव्याकडचा, एवढंच मानलं जातं. नाव कुणीच लिहून ठेवलं नाही. झाडांची लॅटिन नावं राहिली आणि ज्याने ती पाकळी न् पाकळी पाहिली त्याचं गेलं. हे मला फार लागलं. आमच्यापासून काही मैलांवर, त्याच उन्हात, तो माणूस बसून रंगवत असणार.

मी आईच्या हाती पेन्सिल दिली. प्रत्येक ठशाखाली तिने तिच्या किरट्या अक्षरात झाडाचं नाव, ते कुणाकडून आलं आणि कुणी लावलं हे लिहिलं. ‘शतावरी. सातारच्या आत्यांकडून. सासूबाईंनी लावली.’ ‘गोकर्ण, पांढरी. बी मी टोचलं.’ धोतराच्या कोपऱ्यात फक्त तारीख.

आता वर्षाचा क्रम बसला आहे. होळीला धोतर आणि खालच्या ओळीतल्या फ्रेमा भिंतीवर चढतात, दसऱ्याला उतरतात. धोतर सुती चादरीत सैल गुंडाळून ट्रंकेत जातं, प्लॅस्टिकमध्ये नाही, कारण त्याला श्वास लागतो. पहिल्या वर्षी उतरवताना त्याचा निळा थोडा मवाळ झालेला दिसला होता. होळीला ट्रंक उघडली तर तो परत गडद होऊन बसला होता. हिवाळ्यात त्या मोकळ्या जागेवर आम्ही दुसरं काही लावत नाही. तिथे ऊन येतं, आणि आईने खिडकीत ठेवलेल्या कुंड्यांच्या सावल्या पडतात.

गेल्या महिन्यात आई नकाशासमोर उभी राहून बोटाने पाच रिकाम्या जागा दाखवत होती. अनंत, कवठी चाफा, मधुमालती, निशिगंध आणि पिवळी शेवंती. २०१८च्या आधीच ही झाडं गेली होती, म्हणून ती उतरवता आली नव्हती. मी म्हटलं, “आई, ती आता कुठून आणायची?”

“अगं, आपल्या अनंताची फांदी समोरच्या काकूंनी नेली होती, तू दहावीत असताना. त्यांच्या धाकट्या सुनेकडे सहकारनगरात अजून फुलतो. मधुमालती तुझ्या मावशीकडे आहे. कवठी चाफ्याची गुटी वाईला गेली, जोशांकडे की त्यांच्या व्याह्यांकडे, ते विचारायला लागेल.” तिने डायरी मागितली आणि फोन नंबर शोधायला बसली.

सहकारनगरला रविवारी जायचं ठरलं आहे. जुनी वर्तमानपत्रं आणि दोन पुठ्ठे पिशवीत भरून ठेवले आहेत. आज रात्री जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत तीन कागदांना थर द्यायचा आहे, आणि आकाश अजून भरलेलं आहे.